‘वरनं वाढलंय’

२०१२ च्या जुलैमधली गोष्ट. आडसाली लागणीचे दिवस होते आणि मी मामाबरोबर सांगली जिल्ह्यातल्या एका कृषी सेवा केंद्रात गेलो होतो. काउंटरमागच्या काळ्या फळ्यावर खडूनं भाव लिहिलेले. युरिया, डीएपी, दहा-सव्वीस-सव्वीस आणि शेवटी पोटॅश. मामानं त्या शेवटच्या ओळीकडं बोट केलं. दोन वर्षांपूर्वी सव्वादोनशेला मिळणारं पन्नास किलोचं पोतं आता साडेआठशेच्या घरात गेलं होतं.

“युरिया हाय तिथंच हाय. मग ह्येच का एवढं चढलं?”

दुकानदारानं पावती फाडता फाडता छताकडं हात केला. “आण्णा, वरनंच वाढलंय.”

‘वरनं’ म्हणजे नक्की कुठून, हे मामानं विचारलं नाही. त्याच्या लेखी ‘वर’ म्हणजे दिल्ली. ते निम्मंच खरं होतं. उरलेलं निम्मं शोधत गेलं की माणूस कॅनडाच्या गवताळ मैदानात, बेलारूसच्या तुरुंगात आणि शिकागोच्या एका न्यायालयात जाऊन पोचतो. वाटेत एक गोष्ट ध्यानात येते. व्यापाऱ्यांनी संगनमत करून भाव चढवू नयेत असे कायदे आज शंभराहून जास्त देशांत आहेत, आणि तरीही मामाचं गाऱ्हाणं त्यांतल्या एकाही कायद्याच्या पदरात सरळ पडत नाही.

आधी हिशेब. आडसाली उसाला हेक्टरी १७० किलो पालाश द्यावं अशी शिफारस आहे. निम्मं लागणीला, निम्मं मोठ्या बांधणीला. आपण ज्याला नुसतं पोटॅश म्हणतो त्या म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये ६० टक्के पालाश असतं. म्हणजे एकरी सव्वादोन पोती लागतात. खर्च पाचशेवरून एकोणीसशेवर गेला. मामानं त्या दिवशी एकरामागे एकच पोतं घेतलं. पोटॅश कमी पडलं म्हणून ऊस लगेच पिवळा पडत नाही, युरियासारखं चार दिवसांत दिसून येत नाही. त्यामुळे हात आखडता घ्यायचा झाला की पहिली काट पोटॅशलाच बसते. देशभरात हेच झालं. २०१०-११ मध्ये या खताचा खप सुमारे ३९ लाख टन होता, तो दोन वर्षांत २२ लाख टनांवर आला.

पोटॅश आपल्याकडं निघत नाही. राजस्थानात साठे आहेत, पण खाण चालू नाही, त्यामुळे दाणा न् दाणा बोटीनं येतो. कोट्यवधी वर्षांपूर्वी आटलेल्या समुद्रांचं हे मीठ. कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात ते जमिनीखाली सुमारे एक किलोमीटरवर थरच्या थर पसरलेलं आहे. रशियात आणि बेलारूसमध्येही मोठे साठे आहेत. त्यानंतर जर्मनी, इस्रायल, जॉर्डन. यादी इथं जवळजवळ संपते. नवी खाण उभी करायला अब्जावधी डॉलर आणि बरीच वर्षं लागतात. एकाचा माल दुसऱ्यापेक्षा वेगळा नसतो. लाल काय आणि पांढरं काय, पिकाला सारखंच. विकणारे मोजके, माल एकसारखा, पर्याय काही नाही. रिंग करायला याहून सोयीचा धंदा सापडणं कठीण.

‘रिंग’ हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. अर्थशास्त्राच्या पुस्तकात त्याला कार्टेल म्हणतात, पण बाजार समितीत कांदा घेऊन गेलेल्या माणसाला कार्टेल समजावून सांगावं लागत नाही. लिलावाआधी व्यापारी टपरीवर चहा पितात, कुणी कुठवर बोली चढवायची ते तिथंच ठरतं, मग ओट्यावर आरडाओरडा होतो तो नुसता देखावा. ती घेणाऱ्यांची रिंग. पोटॅशमध्ये विकणाऱ्यांची होती, आणि तिच्यात लपवाछपवी नव्हती. सस्कॅचेवानमधल्या कंपन्यांनी परदेशी विक्रीसाठी कॅनपोटेक्स नावाची सामायिक कंपनी १९७० साली उभी केलेली आहे. खाणी वेगवेगळ्या, पण उत्तर अमेरिकेबाहेर जाणाऱ्या मालाचा दर आणि वाटा एका टेबलावर ठरणार. दुसरीकडं रशियाची उरलकाली आणि बेलारूसची सरकारी बेलारूसकाली यांनी २००५ साली बेलारूस पोटॅश कंपनी काढली, तिचंही काम तेच. या दोन दुकानांतून जगाच्या पोटॅश व्यापाराचा सुमारे ७० टक्के माल जात होता. भारतातर्फे इंडियन पोटॅश आणि आणखी काही आयातदार दरवर्षी यांच्यासमोर बसायचे आणि वर्षाचा करार करून उठायचे.

२००७ साली हा करार टनाला पावणेतीनशे डॉलरच्या आत होता. २००८ साली ६२५ डॉलर. त्या वर्षी जगभर धान्याचे आणि तेलाचे भाव भडकले होते, हे खरंच. पुढच्या वर्षी मंदी आली आणि मागणी कोसळली. मोकळ्या बाजारात अशा वेळी विकणारे भाव पाडून माल काढतात. इथं कंपन्यांनी खाणी थांबवल्या, माणसं घरी बसवली आणि भाव धरून ठेवला. त्या मंदीतही भारतानं ४६० डॉलरनं करार केला.

आणि गंमत म्हणजे यातलं काही मामाला तेव्हा कळलंच नाही. पोत्याचा भाव सव्वादोनशेच्या आसपास सरकारनं बांधलेला होता. वरचा सगळा फरक दिल्लीच्या तिजोरीतून जात होता. २००८-०९ साली खतांवरचं एकूण अनुदान जवळजवळ एक लाख कोटी रुपयांना भिडलं. ते सगळं पोटॅशमुळे नव्हे, पण त्यातला एक वाटा सरळ रिंगच्या गल्ल्यात गेला. कार्टेलला असलं गिऱ्हाईक फार आवडतं. ज्याला भाव सोसायचा त्याला तो दिसत नाही, आणि ज्याला दिसतो त्याच्या खिशातून जात नाही. १ एप्रिल २०१० पासून सरकारनं पद्धत बदलली. युरिया सोडून बाकी खतांना किलोमागे ठरावीक अनुदान आणि विक्रीचा भाव मोकळा. मग पडदा सरकला. दुकानदाराचा छताकडं गेलेला हात हा त्याचाच परिणाम. दिल्लीनं भाव वाढवला नव्हता. कित्येक वर्षं पाठीवर घेतलेलं ओझं तिनं खाली ठेवलं होतं इतकंच.

कॅनडातल्या लोकांना आपली रिंग किती मोलाची आहे हे नेमकं ठाऊक होतं, याचा पुरावा २०१० सालच्या एका प्रसंगात आहे. बीएचपी बिलिटन या ऑस्ट्रेलियन खाण कंपनीनं पोटॅशकॉर्प ही कॅनडातली सगळ्यात मोठी पोटॅश कंपनी विकत घ्यायला ३,८६० कोटी डॉलर देऊ केले. बीएचपीचं धोरण वेगळं होतं. खाणी पूर्ण ताकदीनं चालवायच्या आणि आपला माल आपणच विकायचा. सस्कॅचेवानचे प्रीमियर ब्रॅड वॉल कडाडून विरोधात उभे राहिले, कारण कॅनपोटेक्स फुटलं तर भाव उतरणार आणि प्रांताचा महसूल बुडणार. बीएचपीनं पाच वर्षं कॅनपोटेक्समध्येच राहू असंही सांगून पाहिलं. नोव्हेंबर २०१० मध्ये कॅनडाच्या केंद्र सरकारनं व्यवहार अडवला. त्या चर्चेत रॉयल्टी होती, रोजगार होता, राष्ट्राची संपत्ती होती. चढा भाव शेवटी भरणारी माणसं कोण, हा प्रश्न ओटावात कुणाच्या कामाचा नव्हता. ओटावाच्या जागी मुंबई किंवा दिल्ली असती तरी तो नसता.

मग एके दिवशी रिंग फुटली. कुठल्या आयोगानं फोडली म्हणून नव्हे, भागीदारांचं भांडण झालं म्हणून. २०१२ च्या डिसेंबरात बेलारूसचे राष्ट्राध्यक्ष लुकाशेंको यांनी हुकूम काढला की बेलारूसकालीला सामायिक कंपनीला वगळूनही माल विकता येईल. उरलकालीनं सात महिने कुरकुर केली आणि ३० जुलै २०१३ रोजी जाहीर केलं की आम्ही यातून बाहेर पडतोय, आता भाव धरणार नाही, खप वाढवणार. कंपनीनं स्वतःच सांगून टाकलं की टनाचा भाव तीनशे डॉलरच्या खाली जाईल. त्या दिवशी जगभरच्या पोटॅश कंपन्यांचे शेअर धाडकन आपटले. महिन्याभरानं बेलारूसच्या पंतप्रधानांनी उरलकालीचे प्रमुख व्लादिस्लाव बाउमगेर्टनर यांना बोलणीसाठी मिन्स्कला बोलावलं. बैठक झाली, पाहुणे विमानतळावर पोचले आणि तिथंच त्यांना अटक झाली. अधिकाराचा गैरवापर केला, असा आरोप. तुरुंग, मग नजरकैद, आणि नोव्हेंबरात रशियाच्या हवाली.

रिंग केल्याबद्दल तुरुंगात गेलेल्या व्यापाऱ्यांच्या गोष्टी अमेरिकेत बऱ्याच आहेत. रिंग मोडली म्हणून एखाद्याला आत टाकल्याची गोष्ट मला दुसरी माहीत नाही.

भारताचा करार ४२७ डॉलरवरून २०१४ साली ३२२ वर आणि २०१६ साली २२७ वर आला. खाणी त्याच, माणसं तीच, मीठही तेच. भाव किती टक्के माल म्हणून होता आणि किती टक्के संगनमत म्हणून, याचा अंदाज करायला हे आकडे पुरेसे बोलके आहेत, जरी त्या काळात शेतमालाचे भावही उतरलेले होते आणि सगळी घट रिंगच्या खात्यावर टाकणं बरोबर नाही. मामाच्या पोत्याचा भाव मात्र त्या मानानं उतरला नाही. रुपया घसरला होता आणि सरकारनं पालाशचं अनुदान किलोमागे २६ रुपये ७५ पैशांवरून तीन वर्षांत १५ रुपये ५० पैशांवर आणलं होतं. भाव चढताना शिडीनं चढतो आणि उतरताना वाटेत प्रत्येक मजल्यावर थांबतो.

आता शिकागोकडं. रिंग जोरात असताना अमेरिकेतल्या पोटॅश खरेदीदारांनी उत्पादकांवर दावा लावला होता. मिनेसोटातली मिन-केम ही त्यांतली एक कंपनी, खटला तिच्याच नावानं ओळखला जातो. उत्पादकांचं म्हणणं सोपं होतं. आम्ही परदेशात, परदेशी गिऱ्हाइकांना विकलेल्या मालाशी अमेरिकी कायद्याचा काय संबंध? २७ जून २०१२ रोजी शिकागोतल्या सातव्या सर्किटच्या अपील न्यायालयाच्या पूर्णपीठानं दावा चालू राहू दिला. निकाल लिहिला न्यायाधीश डायान वूड यांनी. वादींचा आरोप असा होता की रिंग आधी चीन, भारत आणि ब्राझीलमध्ये भाव ठरवते आणि मग तोच भाव मापदंड म्हणून अमेरिकेत आणते, म्हणून अमेरिकी गिऱ्हाइकाला बसलेली झळ त्या परदेशी भावांतूनच आलेली आहे. न्यायालयानं म्हटलं, आरोप खरा ठरला तर एवढा संबंध पुरेसा सरळ आहे. पुढं पोटॅशकॉर्प, मोझॅक आणि अ‍ॅग्रिअम या तिघांनी मिळून ९ कोटी ७५ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. चूक कबूल केली नाही. तडजोडीत ती कुणी करत नाही.

हा निकाल दोनदा वाचला की त्यातला पेच दिसतो. भारतातल्या भावाचा उल्लेख तिथं आहे, आरोपाच्या केंद्रस्थानी आहे. पण तो आहे अमेरिकी शेतकऱ्याच्या नुकसानीचं कारण म्हणून. भरपाई मिळाली ती आयोवातल्या मक्याला. मामाचा ऊस साक्षीदार झाला, फिर्यादी नाही.

तो फिर्यादी व्हायला गेला असता तर? तेही आधी घडून गेलं होतं. १९९० च्या दशकात स्वित्झर्लंड, जर्मनी, फ्रान्स आणि जपानमधल्या बड्या औषध कंपन्यांनी जीवनसत्त्वांच्या घाऊक भावांची रिंग केली होती. मे १९९९ मध्ये अमेरिकेनं हॉफमन-ला रोशला ५० कोटी आणि बीएएसएफला २२.५ कोटी डॉलर दंड केला, २००१ साली युरोपनंही कोट्यवधी युरोंचा केला. इक्वेडोर, पनामा, युक्रेन, ऑस्ट्रेलियातले खरेदीदार मग अमेरिकेत भरपाई मागायला गेले. जून २००४ मध्ये एम्पाग्रानच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं त्यांना परत पाठवलं. तुमचं नुकसान तुमच्या देशात झालं, अमेरिकेतल्या परिणामाशी त्याचा संबंध नाही, तर तुमच्या देशात दाद मागा. कायद्याच्या भाषेत हे अगदी सुसंगत आहे. फक्त तेव्हा जगातल्या कित्येक देशांत स्पर्धा कायदाच नव्हता. मार्गारेट लेव्हनस्टाइन आणि व्हॅलरी सुस्लो या अर्थतज्ज्ञांनी हिशेब मांडला होता. ज्या धंद्यांत नव्वदच्या दशकात अशी आंतरराष्ट्रीय संगनमतं उघडकीला आली, त्यांचा ८,११० कोटी डॉलरचा माल एकट्या १९९७ साली विकसनशील देशांनी आयात केला होता, त्यांच्या एकूण आयातीच्या ६.७ टक्के.

कायद्यांतली ही फट विसरून राहिलेली नाही, ती ठेवलेली आहे. अमेरिकेत १९१८ चा वेब-पॉमरीन कायदा आहे. फक्त निर्यातीपुरतं एकत्र याल आणि घरच्या गिऱ्हाइकाला त्रास देणार नसाल तर खुशाल या. कॅनडाच्या स्पर्धा कायद्यात तशीच सवलत आहे. घरात शिस्त, बाहेर मोकळीक. आणि आपल्याला रागावायचा पूर्ण अधिकार आहे असं वाटायच्या आत आपला २००२ चा स्पर्धा कायदा उघडावा. कलम ३, पोटकलम ५. फक्त निर्यातीच्या मालाबद्दल केलेल्या करारांना भारतातही हीच सूट आहे. आपल्याकडं कॅनपोटेक्स नाही, त्याला कारण आपला कायदा नव्हे. जमिनीत पोटॅश नाही.

या बाबतीत गरीब देशांचा इतिहासही सोवळा नाही. सत्तरच्या दशकात तेलवाल्या देशांचं यश पाहून बॉक्साइट काढणाऱ्या देशांनी १९७४ साली संघटना केली, कॉफीचे कोटे आंतरराष्ट्रीय करारानं १९८९ पर्यंत ठरत होते. कच्चा माल विकणाऱ्याला रिंग म्हणजे न्याय वाटतो आणि विकत घेणाऱ्याला लूट, हे देश गरीब की श्रीमंत यावर अवलंबून नसतं. १९८० साली संयुक्त राष्ट्रांनी निर्बंधक व्यापारी प्रथांबद्दल तत्त्वं मंजूर केली, ती कुणावर बंधनकारक नाहीत. त्याच्याही आधी, १९४८ च्या हवाना सनदेत एक अख्खं प्रकरण याच विषयावर होतं. अमेरिकेच्या काँग्रेसनं ती सनद मंजूर केली नाही आणि ती बासनात गेली.

मग भारतानं स्वतः कधी बाहेरच्या रिंगला हात घातला की नाही? घातला, आणि ती गोष्ट पोटॅशहून गुंतागुंतीची आहे. सोडा ॲश, म्हणजे काच आणि कपडे धुण्याची पावडर बनवायला लागणारा क्षार. अमेरिकेत वायोमिंगमध्ये तो खाणीतून निघतो, स्वस्तात. तिथल्या उत्पादकांची अन्सॅक ही निर्यात कंपनी वेब-पॉमरीनच्या छत्राखालची. १९९६ च्या सुमाराला अन्सॅकचा माल भारतात यायला निघाला, तेव्हा इथल्या अल्कली उत्पादकांच्या संघटनेनं मक्तेदारी आयोगाकडं, म्हणजे १९६९ च्या एमआरटीपी कायद्याखालच्या आयोगाकडं धाव घेतली. ही कार्टेल आहे, हिला रोखा. आयोगानं मनाई केली.

इथं थांबून विचारावंसं वाटतं, तक्रार नक्की कशाची होती? भाव जास्त म्हणून कुणीच आलं नव्हतं. माल स्वस्त पडणार म्हणून इथले कारखानदार हवालदिल झाले होते. रिंगची व्याख्या लागू पडत होती आणि दुखणं दुसरंच होतं. २००२ साली हरिदास एक्स्पोर्ट्सच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं मनाई उठवली. त्याच निकालात इंडोनेशियातल्या स्वस्त काचेचा वादही होता. न्यायालयाचं म्हणणं असं की परदेशात झालेल्या करारावर आयोगाचा हुकूम चालत नाही; माल भारतात आल्यावर त्या करारामुळे इथल्या स्पर्धेला बाधा आली तर आयोग बघू शकतो, पण आयातच अडवू शकत नाही. अयोग्य स्वस्ताईची तक्रार असेल तर अँटी-डंपिंगचा कायदा आहे. ग्राहकाच्या बाजूनं बघितलं तर निकाल बरोबर वाटतो. पण त्यातून परदेशी रिंगांना जो निरोप गेला, तो बरा नव्हता. दक्षिण आफ्रिकेत याच अन्सॅकविरुद्ध १९९९ साली तक्रार झाली, तीही बोट्स्वानातल्या प्रतिस्पर्धी उत्पादकाच्या बाजूनंच. नऊ वर्षं वकिली चालली आणि २००८ साली अन्सॅकनं आपला करार तिथल्या कायद्याविरुद्ध असल्याचं मान्य करून दंड भरला. म्हणजे अशक्य नव्हतं.

दिल्लीनं ही उणीव भरून काढली. नव्या स्पर्धा कायद्याच्या कलम ३२ मध्ये स्पष्ट लिहिलं की करार परदेशात झाला असला, करणारे परदेशात असले, तरी परिणाम भारतात होत असेल तर आयोग चौकशी करू शकेल. पण कायदा होणं आणि आयोग बसणं यांत आपल्याकडं नेहमीसारखं अंतर पडलं. कायदा २००२ चा, कार्टेलविरोधी कलमं लागू झाली २० मे २००९ रोजी. पोटॅशचा ६२५ डॉलरचा करार २००८ चा. रिंग ऐन भरात असताना आपली चौकीच उघडलेली नव्हती.

याच मधल्या काळात, सप्टेंबर २००३ मध्ये, मेक्सिकोतल्या कानकूनला जागतिक व्यापार संघटनेची परिषद भरली. स्पर्धेचे आंतरराष्ट्रीय नियम करावेत असा आग्रह युरोपचा होता, १९९६ च्या सिंगापूर परिषदेपासून. त्यासाठी नेमलेल्या कार्यगटाचे अध्यक्ष होते फ्रेंच अर्थतज्ज्ञ फ्रेडरिक जेनी, ज्यांनी पुढं पोटॅशच्या कार्टेलवरच लिहिलं. भारताची बाजू अरुण जेटली मांडत होते. आपला विरोध होता, आणि आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांचाही. कारण साधं होतं. आमची संस्था अजून जन्मली नाही, तिच्यावर आंतरराष्ट्रीय बंधनं आत्ताच कशी घ्यायची? आणि ‘भेदभाव नको’ या शब्दाआडून बड्या कंपन्यांना आमच्या बाजारात मोकळं रान मिळेल, त्याचं काय? शेवटच्या दिवशी युरोपचे पास्कल लामी स्पर्धा आणि गुंतवणूक हे दोन विषय सोडायला तयार झाले, पण तोवर उशीर झाला होता आणि परिषद मोडली. २००४ च्या ऑगस्टमध्ये हा विषय व्यापार संघटनेच्या दोहा फेरीच्या वाटाघाटींतून अधिकृतपणे काढून टाकला. आपल्याकडं याचा विजय म्हणून गाजावाजा झाला.

मला तो विजय अर्धाच वाटतो. दोहाच्या जाहीरनाम्यातला स्पर्धेचा परिच्छेद काढून बघितला तर त्यात पारदर्शकता, रीतसर सुनावणी, कट्टर कार्टेलविरुद्धच्या तरतुदी असं बरंच आहे. निर्यात कार्टेल हा शब्द नाही. ज्या फटीतून मामाच्या पोत्याचा भाव चढला ती फट युरोपच्या प्रस्तावानंही बुजली असती असं नाही, त्यामुळे नकार देणं चुकीचं नव्हतं. पण नकार देऊन उठताना ‘आमची अट एकच, निर्यातीची सूट सगळ्यांनी एकदम काढायची’ एवढं टेबलावर ठेवून यायला हवं होतं. अर्थात त्यासाठी आपल्या कलम ३(५) वरही पाणी सोडावं लागलं असतं.

आयोग बसल्यावर बाहेरच्या रिंगला हात लागला तो जहाजांच्या निमित्तानं. मोटारी वाहून नेणाऱ्या जपानी जहाज कंपन्यांनी मार्ग आणि गिऱ्हाइकं वाटून घेतली होती. जानेवारी २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं त्यांतल्या तिघांना मिळून सुमारे ६३ कोटी रुपये दंड केला. चौथी, निप्पॉन युसेन, सगळ्यांत आधी कबुली देऊन आल्यामुळे दंडातून पूर्ण सुटली. अमेरिका आणि युरोपनं याच रिंगला आधीच पकडलेलं होतं. पुरावा आपल्या दारात चालत आला, कारण लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पोटॅशमध्ये तसं होत नाही. कागद सस्कॅटूनमध्ये, मिन्स्कमध्ये. तिथल्या सरकारांच्या दृष्टीनं गुन्हाच घडलेला नाही, तर मदत कोण करणार? शिवाय खरीप तोंडावर आलाय आणि ज्याची चौकशी लावायची त्याचीच बोट कांडल्याला लागायचीय. अशा वेळी नोटीस काढायला कुठल्याही अधिकाऱ्याचा हात थरथरेल.

म्हणून प्रत्यक्षात आपण केलं ते कायद्याच्या पुस्तकाबाहेरचं. विकणाऱ्यांच्या रिंगसमोर घेणाऱ्यांची रिंग. आयातदारांनी एकमेकांवर चढाओढ न करता मिळून बोलायचं, चीनचा करार काय होतो ते बघायचं, गोदामात माल असेल तर दोन महिने गप्प बसायचं. चीनमध्येही मोजक्या कंपन्या एकत्र बसून हेच करतात. कानकूनच्या कागदांत याला काय म्हणाले असते कोण जाणे. पण २०१६ चा २२७ डॉलरचा भाव काही अंशी या गप्प बसण्याचाही आहे.

पुढं बेलारूसवर निर्बंध आले, २०२२ साली लिथुआनियानं क्लायपेडा बंदराकडं जाणारी त्यांच्या पोटॅशची रेल्वे बंद केली आणि युक्रेनवर हल्ला झाला. त्या वर्षी भारताचा करार ५९० डॉलरवर गेला. या वेळी रिंगला काही करावंच लागलं नाही, तिचं काम निर्बंधांनी आणि युद्धानं केलं. पोतं १,७०० रुपयांवर पोचलं.

त्या वर्षी मी पुन्हा त्याच केंद्रात गेलो होतो. फळ्यावर पोटॅशच्या खाली एक नवी ओळ होती, पीडीएम. मळीपासून दारू गाळल्यावर डिस्टिलरीत उरतो तो स्पेंट वॉश बॉयलरमध्ये जाळतात, त्याच्या राखेत पालाश असतं, १४.५ टक्के. उसानं जमिनीतून ओढलेलं, रसातून मळीत, मळीतून राखेत आलेलं. अनुदानाच्या यादीत ते बसवलंय. मामानं पोत्याला हात लावून बघितला, चिमूटभर राख बोटांवर चोळली.

“एका पोटॅशच्या पोत्याला ही किती घालायची?”

“चार धरा,” दुकानदार म्हणाला.

“आन् गाडीभाडं?”

“ते तुमचं तुम्ही बघा, आण्णा.”

मामानं दोन्हींतलं एकेक घेतलं.